एकच रंग राखायचा, तर चेहरे तांबूस का राहतात? सिलेक्टिव्ह कलरमध्ये वारंवार येणाऱ्या अडचणी

सिद्धेश्वर यात्रेत भोगीच्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा पार पडला, की पुढील पंधरा-वीस दिवस सोलापुरातील आमच्यासारख्या लहान स्टुडिओंकडे एकाच जातीचे फोटो येत राहतात. झेंडूच्या हारांनी सजलेला उंच नंदीध्वज, तो पेलून धरणारे मानकरी आणि भोवती पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतील गर्दी. मागणीही ठरलेली असते: सगळा फोटो काळा-पांढरा करा, फक्त हारांचा रंग ठेवा. यालाच सिलेक्टिव्ह कलर म्हणतात. काम पाऊण तासाचे वाटते आणि तेवढ्यात होतेही. पण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फ्रेम काखेत मारून परत येते. "ओ भाऊ, आमच्या काकांचं कान पिवळंच राहिलंय की." पाहावे तर खरोखरच गालावर, कानाच्या पाळीवर आणि बोटांच्या पेरांवर फिकट तांबूस छटा उरलेली असते. पडद्यावर ती नजरेतून सुटते. कागदावर मात्र माणसाला कावीळ झाल्यासारखी दिसते.

ही छटा ब्रशने पुसून टाकली की तो फोटो मार्गी लागतो, परंतु पुढच्या फोटोत तीच अडचण पुन्हा दारात उभी राहते, कारण आपण डाग पुसलेला असतो आणि गळती तशीच असते. माझ्या अनुभवात या दोषाचे मूळ ब्रश नीट न चालवण्यात क्वचितच असते. ते असते रंगाच्या भरवशावर निवड करण्यात. खालील विवेचन मुख्यतः फोटोशॉप धरून केले आहे. गिम्प, लाइटरूम आणि मोबाइल यांविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. फोटोशॉपच्या ॲडजस्टमेंटच्या यादीत ‘सिलेक्टिव्ह कलर’ याच नावाची एक आज्ञा आहे आणि नवा मुलगा कामाला लागला की हमखास तिथेच जाऊन अडकतो. त्या आज्ञेत लाल, पिवळा, हिरवा, निळसर, निळा, किरमिजी, पांढरा, मधला करडा आणि काळा असे नऊ गट असतात आणि प्रत्येक गटासाठी सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी अशा छपाईच्या चार शाईंच्या पट्ट्या असतात. शालूच्या लाल रंगातील निळसरपणा कमी करणे किंवा आभाळ थोडे गडद करणे, हे तिचे काम. सॅच्युरेशनची, म्हणजे रंग किती गडद भरलेला आहे त्याची, पट्टीच तिच्यात नसल्यामुळे रंग पूर्ण काढून टाकण्यासाठी ती उपयोगी नाही. नाव एक आणि काम भलतेच, असा हा प्रकार आहे.

झेंडू आणि कातडी एकाच आळीत राहतात

रंगाचे वर्तुळ ३६० अंशांचे असते. लाल ० अंशावर, पिवळा ६० वर, हिरवा १२० वर, निळा २४० वर. या वर्तुळावरील रंगाची जागा म्हणजे ह्यू. ह्यू-सॅच्युरेशनच्या चौकटीत आपण जेव्हा ‘रेड्स’ हा गट निवडतो, तेव्हा खालच्या रंगपट्टीवर ३१५, ३४५, १५ आणि ४५ असे चार आकडे दिसतात. त्यांचा अर्थ असा, की ३४५ ते १५ अंशांमधील रंगांवर बदलाचा पूर्ण परिणाम होतो, आणि ३१५ ते ३४५ तसेच १५ ते ४५ या दोन पट्ट्यांत तो हळूहळू ओसरत जातो. ‘यलोज’चे आकडे १५, ४५, ७५ आणि १०५ असे आहेत. म्हणजे १५ ते ४५ अंशांची पट्टी लाल आणि पिवळा या दोन्ही गटांच्या ओसरत्या भागात येते. ती पूर्णपणे कोणाचीच नाही. नेमक्या याच पट्टीत भारतीय कातडीचा रंग असतो, आणि केशरी झेंडूही तिथेच असतो.

यावरून पहिल्या दोषाचा उलगडा होतो. आपण हिरवे, निळसर, निळे, किरमिजी आणि लाल या गटांचे सॅच्युरेशन उणे १०० केले आणि झेंडूसाठी ‘यलोज’ तेवढा शिल्लक ठेवला, तर कातडीतील रंग अर्धवट जातो आणि अर्धवट राहतो. वर झेंडूही फिका पडतो, कारण तोही याच पट्टीत आहे. गेल्या यात्रेच्या एका फोटोत मी आयड्रॉपरने मोजून पाहिले. उन्हातील झेंडूच्या पाकळ्या ३० ते ४० अंशांदरम्यान होत्या, मानकऱ्यांचा गाल २२ ते २८ अंशांदरम्यान होता, आणि सावलीतील झेंडू तर घसरत २६ पर्यंत आला होता. म्हणजे सावलीतील फूल आणि उन्हातील गाल यांचा अंश एकच. असे दोन रंग केवळ अंशांच्या आधारे वेगळे करणे कोणत्याही सॉफ्टवेअरला शक्य नाही, मग आपण पट्टी कितीही अरुंद केली तरी.

आपल्या फोटोत नेमके काय पकडले जात आहे हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. ज्या गटावर काम चालू आहे त्याची ह्यूची पट्टी तात्पुरती १८० पर्यंत सरकवावी. पकडलेला प्रत्येक भाग एकदम विरुद्ध रंगाचा होतो. झेंडू निळा दिसतो आणि त्याच्याबरोबर गाल, ओठ, तांब्याचा कलश, मागच्या मांडवाचा पडदा असे काय काय निळे झाले आहे ते लख्ख कळते. पाहून झाल्यावर पट्टी शून्यावर आणण्यास विसरू नये. आमच्या दुकानात एकदा ती तशीच राहिली होती आणि निळ्या झेंडूची प्रिंट लॅबपर्यंत जाऊन आली. त्यावर अधिक लिहीत नाही.

आधी जागा, मग रंग

अंश सारखे असले तरी झेंडू आणि कातडी यांत दोन फरक असतातच. एक, झेंडूचा रंग कितीतरी अधिक गडद भरलेला असतो. दुसरा आणि अधिक भरवशाचा फरक म्हणजे ती दोन्ही फोटोत वेगवेगळ्या जागी असतात. म्हणून निवडीचा क्रम बदलावा. प्रथम लॅसो टूलने हारांभोवती ढोबळ कुंपण घालावे. ते काठाकाठाने नेमके असण्याची गरज नाही, उलट थोडे सैलच असावे, फक्त त्यात चेहरे येऊ देऊ नयेत. हे कुंपण कायम ठेवूनच सिलेक्ट मेनूतील ‘कलर रेंज’ उघडावे. आधी केलेली निवड चालू असली, की कलर रेंज तिच्या आतच रंग शोधते, बाहेर पाहतही नाही. आता झेंडूच्या उजळ पाकळीवर क्लिक करावे, मग शिफ्ट दाबून मध्यम आणि सावलीतील पाकळ्यांवर क्लिक करावे. ‘फझिनेस’, म्हणजे जवळपासचे रंग कितपत सामावून घ्यायचे ते ठरवणारी पट्टी, ० ते २०० असते. ती ४० च्या आसपास ठेवून आरंभ करावा. ती १५० पर्यंत ताणून एका क्लिकमध्ये सगळे पकडण्याचा मोह होतो, परंतु अधिक क्लिक आणि कमी फझिनेस हीच वाट नेहमी स्वच्छ निघते.

निवड झाली की ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे मूळ फोटो न बदलता त्यावर परिणाम करणारा थर, घालावा. त्याच्याबरोबर निवडीचा मास्क, म्हणजे परिणाम कुठे व्हावा ते सांगणारा काळा-पांढरा नकाशा, आपोआप तयार होतो. येथे नव्वद टक्के नवशिके दचकतात, कारण नेमके उलटे होते: हार करडे होतात आणि गर्दी रंगीत राहते. मास्कचा पांढरा भाग म्हणजे ‘येथे परिणाम होऊ दे’ असे सांगणे होय, आणि आपला परिणाम आहे रंग काढण्याचा. म्हणून मास्क निवडून कंट्रोल-आय दाबावे, म्हणजे काळे-पांढरे उलटते आणि हार रंगीत होतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि परत येणाऱ्या फ्रेमांपैकी निम्म्या तरी या गाळण्यामुळे येतात. ऑल्ट दाबून मास्कच्या चौकोनावर क्लिक करावे. फोटो नाहीसा होऊन केवळ मास्क पडद्यावर येतो. जो भाग आपण पूर्ण पांढरा समजत होतो, तिथे अनेकदा धुरकट करडे ठिपके दिसतात. मऊ ब्रशच्या कडांचा, साठ टक्के ओपॅसिटीने (अपारदर्शकतेने) मारलेल्या हातांचा किंवा कलर रेंजने अर्धवट पकडलेल्या पिक्सेलचा तो अवशेष असतो. मास्कवर २०४ चा करडा असेल, तर तिथे मूळ रंगाचा साधारण पाचवा हिस्सा शिल्लक आहे. हाच तो कानावरचा पिवळेपणा. पडद्यावर पाचवा हिस्सा डोळ्यास जाणवत नाही, कारण शेजारच्या भडक हारांनी नजर बांधलेली असते. मास्क असा उघडा असतानाच कंट्रोल-एल दाबून लेव्हल्स आणाव्यात आणि उजवीकडचा पांढरा त्रिकोण थोडा डावीकडे सरकवावा. धुरकट ठिपके पांढऱ्यात विरून जातात. डावीकडचा काळा त्रिकोण किंचित उजवीकडे आणला, की हारांमधील भोकेही बुजतात. फार ताणल्यास कड करवतीसारखी होते, एवढे लक्षात ठेवावे.

मानकऱ्यांची बोटे हारांवर टेकलेली असतील, तर तेवढ्या जागी मात्र हाताने काम करण्यास पर्याय नाही. तिथे फोटो दोनशे टक्के मोठा करून, लहान ब्रश, शंभर टक्के ओपॅसिटी आणि एक्सची कळ वारंवार दाबून काळा-पांढरा आलटून पालटून वापरणे, हेच मी करतो. चार बोटांना पाच मिनिटे लागतात. एवढा वेळ द्यावा.

ब्रश चालतच नाही, ही तक्रार

ही तक्रार जितकी वारंवार येते तितकी ती सोपी आहे, म्हणून झटपट उरकतो. मास्कऐवजी लेयरचाच चौकोन निवडलेला असतो. किंवा फोटोच्या एखाद्या कोपऱ्यात जुनी निवड जिवंत राहिलेली असते, तिच्याबाहेर ब्रश उमटत नाही आणि मोठ्या केलेल्या फोटोत निवडीभोवतीची सरकती तुटक रेघ, ती मुंग्यांची रांग, दिसत नाही. कंट्रोल-डी दाबले की प्रश्न संपतो. किंवा ब्रशचा फ्लो (रंग सोडण्याचे प्रमाण) कोणी तरी एक टक्क्यावर ठेवून गेलेला असतो. आणि जुन्या कृष्णधवल फोटोचे स्कॅन असेल, तर फाइल ग्रेस्केलमध्ये असते. तीत कोणताही रंग टाकला तरी करडाच उमटतो. इमेज मेनूतील मोडमध्ये जाऊन ती आधी आरजीबी करावी लागते.

दशांचा प्रश्न

दुसरी मोठी अडचण कडांची. ती मला एका चादरीने शिकवली. आमच्याकडे चादरींचा व्यापार करणारे एक अण्णा येतात. त्यांना कॅलेंडरसाठी फोटो हवा होता: मागे जॅकार्ड माग आणि विणकर करड्या रंगात, आणि पुढे घडी उलगडून टाकलेली मरून चादर तेवढी रंगीत. चादरीचे अंग सहज निवडले गेले. पण टोकाच्या दशा, म्हणजे ते मोकळे सोडलेले पिळाचे धागे, काही केल्या नीट निघेनात. मी पेन टूलने अर्धी दुपार एकेक धागा कातरत बसलो. अण्णांनी पडद्यात डोकावून पाहिले आणि म्हणाले, "दशा कातरलेल्या दिसायल्यात की. नव्या चादरीच्या दशा अशा नसतात."

त्यांचे म्हणणे खरे होते आणि माझी मेहनत अनावश्यक होती. एखादी वस्तू कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवायची असेल, तर धागा न् धागा सोडवावा लागतो. येथे मात्र पार्श्वभूमी तीच आहे, त्याच फोटोची आहे. फक्त तिचा रंग गेलेला आहे. धागा आणि त्यामागची फरशी यांचा उजेड-अंधार मूळ फोटोत आधीच नीट जुळलेला असतो. म्हणून कडेवर उजळपणाची उडी पडू दिली नाही, तर मास्क किंचित ढिला असला तरी तो डोळ्यास कळत नाही. ही उडी टाळण्यासाठी ब्लॅक अँड व्हाइटच्या लेयरचा ब्लेंड मोड ‘नॉर्मल’वरून ‘कलर’ करावा. त्यामुळे खालच्या फोटोचा उजळपणा जसाच्या तसा राहतो आणि केवळ रंग जातो. रंगीत व करड्या भागांची कड एकमेकांत मिसळून जाते. यासाठी एक किंमत मोजावी लागते: ‘कलर’ मोडमध्ये त्या लेयरच्या सहा रंगपट्ट्या हलवून काही उपयोग होत नाही, कारण उजळपणा तो लेयर ठरवतच नाही. करड्या भागाला उठाव हवा असल्यास त्याच मास्कची प्रत घेऊन वर उजळपणा बदलणारा वेगळा कर्व्ह्जचा लेयर द्यावा, आणि दशांजवळ त्याचा मास्क मऊ ब्रशने उतरता करावा.

दशांसाठी मग मी एवढेच केले: दशांच्या पट्ट्याभोवती सैल कुंपण, त्यात कलर रेंजने मरून रंग, आणि उरलेले मऊ ब्रशने. वीस मिनिटे लागली. याच कारणामुळे ‘सिलेक्ट अँड मास्क’मधील ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ हा पर्याय येथे वापरू नये असे माझे मत आहे. तो कडेच्या पिक्सेलांचे मूळ रंग बदलून वेगळा लेयर तयार करतो. तो कातरकामासाठी आहे.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो

सर्व काही विधिवत करूनही शालूच्या काठाभोवती, शेजारच्या करड्या भिंतीवर, लालसर रेघ उरते, अशी तक्रार असल्यास पहिला प्रश्न विचारावा: फोटो कुठून आला? उत्तर बहुधा एकच असते.

जेपीईजीची फाइल लहान करताना उजळपणाचे नमुने प्रत्येक पिक्सेलाचे ठेवले जातात आणि रंगाची माहिती पातळ केली जाते, कारण माणसाचा डोळा रंगाच्या बारकाव्याबाबत तितका चोखंदळ नाही. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारात आडवे दोन आणि उभे दोन अशा चार पिक्सेलांमिळून रंगाचा एकच नमुना साठवला जातो. परिणामी शालूचा लाल रंग त्याच्या खऱ्या काठाबाहेर एक-दोन पिक्सेल सांडलेला असतो. रंगीत फोटोत हे सहसा दिसत नाही. शेजारचा भाग करडा केला, की ते उघडे पडते, कारण मास्क जर उजळपणाच्या काठावर नेमका असेल तर रंग त्याच्या पलीकडे असतो, आणि कलर रेंजने घेतला असेल तर मास्कच पलीकडे गेलेला असतो.

आता याचा हिशेब अल्बमच्या भाषेत पाहावा. बारा बाय छत्तीस इंचांचे पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेलांचे होते. मोबाइलवरून आकार घटून आलेला, समजा १,६०० पिक्सेल रुंदीचा फोटो या पानाच्या अर्ध्या भागावर, म्हणजे अठरा इंचांत बसवला, तर तो जवळजवळ ३.४ पट फुगतो. दोन पिक्सेलांची सांडलेली लाली सुमारे सात पिक्सेलांची होते, आणि कागदावर ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त भरते. एवढी रेघ लग्नाच्या अल्बमात वधूच्या मामांना नक्की दिसते.

उपाय दोन. शक्य असेल तर मूळ फाइल मागवावी. व्हॉट्सॲपवरून पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यास सांगावे, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही. आणि ती मिळणार नसेल, तर मास्क मूळ आकारातच पूर्ण करावा, निवड एक-दोन पिक्सेल आत घ्यावी, अर्ध्या ते एक पिक्सेलचा फेदर (कडेचा मऊपणा) द्यावा आणि मगच फोटो मोठा करावा. आधी फुगवून मग मास्क करणे म्हणजे सांडलेले पाणी पसरू देऊन मग पुसणे होय. काम झाल्यावर आपण स्वतःही ही चूक करू नये: फोटोशॉपच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपीईजीची प्रत ० ते १२ या मापात विचारली जाते, आणि ६ किंवा त्याखाली गेल्यास रंग असाच पातळ होतो. ७ पासून वर तसे होत नाही. लॅबला पाठवताना मी १२ ठेवतो.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. प्रत्येक लाली फाइलची नसते. भर उन्हात लाल शालू नेसलेल्या बाईच्या हनुवटीखाली शालूचा खराखुरा लाल उजेड पडलेला असतो. आपण शालू रंगीत ठेवून चेहरा करडा करत असू, तर तो आपोआप जातो. उलट चेहरा रंगीत ठेवून बाकीचे करडे केले, तर करड्या शालूवर लालबुंद हनुवटी दिसते आणि तिचे कारण फोटोत कुठेच उरत नाही. अशा वेळी हनुवटीपुरता ह्यू-सॅच्युरेशनचा लेयर देऊन लाल गट पंधरा-वीसने उतरवावा.

करडा भाग मेल्यासारखा दिसतो

रंग काढण्यासाठी ज्यांनी ह्यू-सॅच्युरेशनची पट्टी उणे १०० केली, त्यांची ही तक्रार असते. ती पट्टी प्रत्येक पिक्सेलातील लाल, हिरवा व निळा या तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढते. त्यामुळे शुद्ध लाल, शुद्ध हिरवा, शुद्ध निळा, इतकेच काय शुद्ध पिवळाही, सगळे एकाच मधल्या करड्यावर येऊन बसतात. डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ आणि निळा कितीतरी गडद वाटतो, तो भेद पुसला जातो. ब्लॅक अँड व्हाइटच्या लेयरमध्ये हा भेद राखलेला असतो. तिथे आरंभीच लाल ४०, पिवळा ६०, हिरवा ४०, सायन ६०, निळा २० आणि मॅजेंटा ८० असे आकडे दिलेले असतात. बाराबंदीच्या गर्दीत कापड पांढरे आणि चेहरे सावळे असल्याने मी लाल आणि पिवळा थोडे वाढवतो. चेहऱ्यांवर उजेड येतो आणि कापडाला धक्का लागत नाही. अर्थात त्यासाठी ‘नॉर्मल’ मोड लागतो, म्हणून दशांसारखी अवघड कड आहे की चेहऱ्यांचा उठाव महत्त्वाचा आहे, हे फोटो पाहून ठरवावे लागते.

प्रिंटमध्ये करड्याला हिरवट किंवा जांभळट झाक येते, ही तक्रार वेगळी. प्रथम एफ-८ दाबून इन्फोची चौकट उघडावी आणि करड्या भागावर कर्सर फिरवावा. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे असतील तर आपली फाइल निर्दोष आहे आणि झाक छपाईच्या यंत्राची आहे. मोठे पान देण्यापूर्वी चार बाय सहाचा एक नमुना मागून घ्यावा. आकडे सारखे नसतील तर वरच्या बाजूला कुठेतरी फोटो फिल्टर किंवा रंगीत कर्व्ह चालू आहे, तो शोधावा. लॅबने मागितल्याशिवाय फाइल सीएमवायकेमध्ये बदलून देऊ नये. तसे केल्यास करडा चार शाईंच्या मिश्रणाने बनतो आणि एक शाई जरा कमी-जास्त झाली की झाक येतेच. आणि पडद्यावरच करडा पिवळट दिसत असेल, तर संध्याकाळी आपोआप सुरू होणारी नाईट लाईट बंद आहे ना, हे पाहावे. या एका कारणापायी मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या आहेत.

इतर सॉफ्टवेअरविषयी

लाइटरूममध्ये रंगांचे आठ गट असून नारंगी हा स्वतंत्र गट आहे. त्यामुळे कुंकू आणि कातडी वेगळी करणे सोपे जाते, पण झेंडू आणि कातडी दोन्ही नारंगीतच सापडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यात आलेल्या ‘पॉइंट कलर’मध्ये अंशांबरोबर सॅच्युरेशनची मर्यादाही घालता येते, म्हणून गडद झेंडू आणि फिकट गाल तिथे बरेचसे वेगळे होतात. तरीही मास्किंगमधील ब्रशने जागा आखून घेतलेली बरी.

गिम्प हे मोफत असल्याने शिकणाऱ्या मुलांना मी तेच सुचवतो. लेयरची प्रत करून वरच्या प्रतीवर ‘डीसॅच्युरेट’ लावावे. तिथे लुमिनन्स, लाइटनेस वगैरे प्रकार विचारले जातात, त्यांत लुमिनन्स घ्यावा, म्हणजे वर सांगितलेली मेलेल्या करड्याची अडचण येत नाही. मग निवड करून लेयर मास्क निवडीवरून तयार करावा आणि ‘इन्व्हर्ट मास्क’च्या चौकोनात खूण करावी.

मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट लावून, नंतर केलेल्या एडिटच्या यादीत जाऊन तो परिणाम ब्रशने हवा तिथे भरता येतो. बोटाने कड सांभाळायची असेल तर फोटो चिमटीने मोठा करावा, ब्रश त्या मानाने बारीक होतो. स्टेटसपुरते हे पुरेसे आहे, फ्रेमसाठी नाही.

एक फोटो मात्र असा आहे, ज्यात वरील काहीच चालत नाही, आणि तो प्रत्येक लग्नसराईत येतो: हळदीचा. नवरीच्या गालावर हळद लावलेली असते आणि मागणी येते, की हळद तेवढी पिवळी ठेवा, चेहरा काळा-पांढरा. ओली हळद कातडीवर पातळ पसरलेली असते. तिचा अंश कातडीच्या अंशात मिसळलेला असतो, तिची जागा म्हणजे कातडीचीच जागा असते, आणि कड तर तिला नसतेच. जागाही एक आणि रंगही एक. कलर रेंज लावल्यास चेहऱ्यावर चट्टे उठतात. मी दोनदा रात्री जागून हाताने मास्क करून पाहिला, आणि दोन्ही वेळा त्वचारोग झाल्यासारखा चेहरा तयार झाला. गेल्या मोसमात एका नवरीच्या मावशी हा फोटो घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना दोन्ही नमुने पडद्यावर शेजारी-शेजारी दाखवले: एक केवळ हळद पिवळी ठेवलेला, दुसरा अख्खा चेहरा आणि हळदीचे हात रंगीत ठेवून मांडव, पाट व भोवतीच्या बायका करड्या केलेला. त्यांनी पहिल्याकडे पुन्हा वळूनही पाहिले नाही. "पोरीचं तोंड हाय ते राहू द्या की," म्हणाल्या, आणि बारा बाय अठराची फ्रेम सांगून गेल्या.